एक ‘आय’ जास्त

माझा अपमान झाला आहे हे मला कळायला साधारण दोन दिवस लागतात. पहिला दिवस समोरच्याचंच बरोबर असेल असं वाटण्यात जातो आणि दुसरा, आपल्याला नीट ऐकू आलं नसेल या विचारात. तोवर समोरचा सगळं विसरून गेलेला असतो आणि भांडायला कोणी उरत नाही. त्यामुळे आजवर माझं कुणाशी वाकडं आलेलं नाही. पण या खेपेचा अपमान लेखी होता, इंग्रजीत होता, आणि त्याच्याखाली ‘सात दिवसांत हरकत न आल्यास मान्य आहे असे समजण्यात येईल’ असं छापलेलं होतं. दोन दिवस कळण्यात घालवले तर हाती पाचच उरणार होते.

मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात रेकॉर्ड विभाग सांभाळतो. रेकॉर्ड विभाग तळघरात आहे. एकोणीस वर्षं मी ट्यूबलाइटखाली बसतो आहे. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे मला खाली येणाऱ्यांच्या बुटांवरून कळतं. याउलट तक्रार कक्ष पहिल्या मजल्यावर आहे, आणि तिथल्या प्रमुखाच्या खोलीला खिडकी आहे. ती जागा चार महिने रिकामी होती. एकदा जिन्यात साहेब मला म्हणाले, “तक्रार कक्षासाठी तुमचं नाव चर्चेत आहे बरं का.” मी घरी ही बातमी सांगितली. सांगताना ‘चर्चेत’ हा शब्द तेवढा राहून गेला.

बायको म्हणाली, “खिडकीचं माप आणा.” जेवणाच्या सुट्टीत मी टेप घेऊन गेलो, माप आणलं. तिनं कापड घेतलं, रविवारी पडदा शिवला, घडी घालून कपाटात ठेवला. फिकट हिरवा, खाली बारीक किनार. आता तुम्हीच सांगा, पडदा शिवून झालेल्या माणसाला माघार घ्यायला जागा कुठे उरते?

आणि सोमवारी माझ्या वार्षिक अहवालाची प्रत आली. रकाना पहिला ते आठवा, सगळीकडे ‘समाधानकारक’. नववा रकाना, एकूण अभिप्राय. तिथं साहेबांनी मुख्यालयाला कळावं म्हणून इंग्रजीत एकच वाक्य दिलं होतं, टाइप केलेलं: ‘ही इज अ सेल्फ-डेप्रिशिएटिंग मॅन.’

माझं इंग्रजी कामापुरतं आहे. ‘काइंडली’पासून ‘ओब्लाइज’पर्यंत मी न अडखळता जातो, मधल्या भागात अर्जाचा विषय भरतो. पण हा शब्द मी कधी वापरला नव्हता आणि माझ्यावरही कुणी वापरला नव्हता. शब्दाचा चेहराच मला चांगला वाटेना. ज्या शब्दाची सुरुवात ‘डी’नं होते त्याच्याकडून चांगल्याची अपेक्षा करू नये असा माझा अनुभव आहे. डिले, डिफेक्ट, डिसमिस. मी कागद दुमडून आतल्या खिशात ठेवला आणि दिवसभरात अकरा वेळा तो जागेवर आहे ना ते चाचपून पाहिलं.

घरी दाखवायचा प्रश्नच नव्हता. एक तर पडदा. दुसरं म्हणजे बायको छापखान्यात प्रूफं तपासते. तिच्या नजरेतून वेलांटी सुटत नाही, तिथं नवऱ्याबद्दलचा अख्खा शेरा कसा सुटेल?

शब्दकोश आमच्याकडे आहे. वडिलांच्या वेळचा, जाडजूड, फ्रीजच्या पुढच्या डाव्या पायाखाली. मंगळवारी सकाळी बायको आंघोळीला गेल्यावर मी फ्रीज खांद्यानं रेटून शब्दकोश ओढला. शब्दकोश आला. फ्रीज डावीकडे झुकला, दार आपोआप उघडलं आणि दुधाचं पातेलं जणू वाटच बघत असल्यासारखं बाहेर आलं.

“काय पडलं हो?” आतून आवाज.

“काही नाही! झुरळ होतं!”

“झुरळ पडल्याचा एवढा आवाज?”

“मोठं होतं!”

दुधात बसून मी तो शब्द काढला. मोल कमी करणे. हिणवणे. किंमत उतरणे. घसारा. ‘सेल्फ’ म्हणजे स्वतः हे मला येत होतं. म्हणजे साहेबांच्या मते मी स्वतःची किंमत आपणच उतरवणारा मनुष्य होतो. फ्रीजच्या पायाखाली मी जुन्या मासिकांचा गठ्ठा सारला, भिजलेला शब्दकोश पोटमाळ्याच्या कडेला वाळत टाकला आणि फरशी पुसली. तेव्हापासून फ्रीज वेगळ्याच सुरात गुणगुणायला लागला. त्या आठवड्यात तो सुरू झाला की मी मोठ्यानं खोकायचो.

शेजारी ऑडिटर राहतात. सहाच वर्षं झाली त्यांना इथं येऊन, पण एवढ्यात त्यांनी सगळ्या इमारतीला सल्ले देऊन झालेत. ‘घसारा’ हा शब्द त्यांच्या प्रांतातला म्हणून मी मोघम विचारलं, “समजा, एखाद्या माणसाला घसारा लागला असं म्हटलं, तर?”

“कोणत्या पद्धतीनं?” त्यांनी चष्मा चढवला.

“म्हणजे?”

“सरळ रेषेनं लागला की घटत्या शिलकीनं? सरळ रेषा म्हणजे दरवर्षी सारखाच उतरतो. घटती शिलक म्हणजे आधी धाडकन उतरतो आणि मग उरलेला हळूहळू. वय काय त्या माणसाचं?”

“एकोणपन्नास.”

“मग संपलाच की हो! खुर्चीलासुद्धा आम्ही दहाच वर्षं धरतो. वहीतून काढत नाहीत लगेच, नावापुरती किंमत ठेवतात. वस्तू आहे, जागा अडवते आहे, एवढं कळावं म्हणून.” मग डोळे बारीक करून म्हणाले, “तुमच्याबद्दल लिहिलंय का कुणी?”

मी नाही म्हणालो. नाही म्हणताना मी खिसा चाचपला. ऑडिटर माणूस, त्याच्या लक्षात आलं. त्यांनी कागद मागितला, वाचला, आणि अत्यंत सहानुभूतीनं म्हणाले, “सेल्फ लिहिलंय. हे वाईट आहे. साधा घसारा वापरानं लागतो. तुम्हाला वापराशिवायच लागतोय, आपोआप.”

त्या दिवशी तळघरात बसून मी माझ्या खुर्चीकडे पाहिलं. तिच्यावर भांडार विभागाचा पांढरा क्रमांक आहे. मी स्वतःच्या शर्टाची मागची बाजूही उगाच वळून पाहिली.

बुधवारी मी साडूंना गाठलं. आमचे साडू कोर्टात कारकून आहेत. वकिली त्यांनी पास केलेली नाही, पण रोज वकिलांमध्ये बसून त्यांना तसा आवाज मात्र आला आहे. मेव्हणीला कळलं तर त्याच संध्याकाळी बायकोला कळणार, म्हणून मी आधी त्यांच्याकडून शपथ घेतली.

“भाऊ, ही सरळसरळ बेअब्रू आहे,” ते म्हणाले. “अपील ठोका.”

“ठोकायलाच हवं का? साहेब तसे बरे आहेत. त्यांचं काही अगदीच चूक नसेल...”

“बघा! बघा! हेच! हेच त्यांनी लिहिलंय!” साडू ओरडले. “तुम्ही तोंड उघडलंत की त्यांचा पुरावा पक्का होतो. आता एक नियम पाळायचा. अपिलाचा निकाल लागेपर्यंत नम्रपणा बंद. नम्रपणा म्हणजे कबुली.”

आणि त्यांनी अपिलाचा मसुदा सांगायला घेतला. ‘अर्जदार हा अत्यंत कर्तबगार, करारी व दूरदृष्टीचा अधिकारी असून...’ मी म्हटलं, मी अधिकारी नाही, कारकून आहे. ते म्हणाले, पुन्हा नम्रपणा! ‘दूरदृष्टी’ला मी दबक्या आवाजात हरकत घेतली, कारण मला चष्मा लांबचाच आहे. तीही फेटाळली गेली. एकूण बारा मुद्दे झाले. बाराव्या मुद्द्यापर्यंत पोहोचल्यावर मला त्या अर्जदाराची भीती वाटायला लागली. असा माणूस आमच्या कार्यालयात असता तर मी त्याच्या वाऱ्यालाही उभा राहिलो नसतो.

गुरुवारी सकाळी तो मसुदा घेऊन जिना उतरताना वरच्या मजल्यावरचे सर भेटले. सर चाळीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेत आणि निवृत्तीनंतर त्यांना विद्यार्थ्यांची टंचाई भासते. मी सहज विचारल्यासारखं तो शब्द विचारला. सरांनी हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली. पिशवी खाली ठेवली गेली तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

“आधी मुळाशी जाऊ. हा शब्द लॅटिन. ‘डे’ म्हणजे खाली. आणि ‘प्रेतियुम’...”

“प्रेत?” मला घाम फुटला.

“प्रेतियुम. किंमत. किंमत खाली आणणं. आता गंमत बघा, ‘प्रेशस’ हा शब्दही याच घरातला. एकाच मुळाचे दोघे. एक मौल्यवान निघाला आणि दुसरा...” सरांनी माझ्याकडे पाहिलं. “बरं, पण याच्यासारखाच दिसणारा आणखी एक शब्द आहे. लोक दोघांत फार गल्लत करतात. त्याचं मूळ अगदीच वेगळं, आणि ते ऐकलंत ना तर तुम्ही...”

माझ्या घड्याळात पावणेदहा झाले होते आणि आवक खिडकी साडेदहाला उघडून अकराला बंद होते. मी म्हटलं, “सर, दुसऱ्याचं मूळ संध्याकाळी.” आणि पळालो. आयुष्यात मी फार थोड्या वेळा माणसांना मध्येच तोडलं आहे. नेमका हाच प्रसंग सापडला.

कार्यालयात कळलं की अहवालाविरुद्धचं अपील ही तक्रार धरली जाते, आणि तक्रारीचा नमुना तक्रार कक्षात मिळतो. तक्रार कक्षात कळलं की नमुने प्रमुखांच्या कपाटात आहेत, कपाटाची किल्ली प्रमुखांकडे असते आणि प्रमुखांची जागा रिकामी आहे.

“मग प्रमुख कधी येणार?” मी विचारलं.

“ते तुम्हालाच ठाऊक,” तिथला कारकून डोळा मिचकावून म्हणाला. “तुम्हीच येणार म्हणतात ना?”

म्हणजे मी प्रमुख झाल्याशिवाय मला नमुना मिळणार नव्हता आणि नमुना मिळाल्याशिवाय मी प्रमुख होणार नव्हतो. शेवटी रेकॉर्ड विभागात, माझ्याच तळघरात, माझ्याच हातानं लावलेल्या फायलीत एक जुना कोरा नमुना सापडला. त्याच्या तीन प्रती काढल्या. आवक खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, “फोटो?” मी फोटो चिकटवला. “हसरा चालत नाही,” त्या म्हणाल्या. मी सांगितलं की मी हसत नाही, माझा चेहराच घाबरला की तसा होतो. अकराला दोन मिनिटं कमी असताना शिक्का पडला. सुनावणी सोमवारी, सातव्याच दिवशी.

मधले दिवस मी नम्रपणा न करण्याचा सराव केला. फार अवघड काम आहे. शनिवारी बसमध्ये एका गृहस्थानं माझ्या पायावर पाय दिला आणि मी सवयीनं त्यालाच ‘सॉरी’ म्हणालो. मग नियम आठवला. ‘सॉरी परत घेतो,’ असं मी त्याला सांगितलं. तो पुढच्या थांब्यावर उतरून गेला. घरी बायकोनं विचारलं, “आज भाजीत मीठ जास्त झालंय का?” एरवी मी ‘माझीच जीभ खारट असेल’ म्हणालो असतो. मी म्हणालो, “झालंय.” तिनं माझा हात धरून ताप पाहिला.

“बरं नाही का वाटत तुम्हाला?” तिनं विचारलं.

सोमवारी सुनावणी झाली. साहेब आणि मुख्यालयातून आलेल्या एक बाई, समोर माझा अर्ज. बाई लिहून घेत होत्या. माझे तळवे इतके घामेजले होते की मसुद्यातली शाई बोटांना लागली. साहेब म्हणाले, “बोला, तुमचं काय म्हणणं आहे?”

मी उभा राहून मुद्दे वाचले. कर्तबगार. करारी. माझ्यावाचून हे कार्यालय एक दिवस चालणार नाही. माझ्या तोडीचा माणूस या इमारतीत नाही. हे वाचताना माझा आवाज असा चढला की तो साडूंचा आहे असं माझं मलाच वाटलं. साहेबांचा चेहरा उतरत गेला. मला वाटलं, बरोबर, खोटं पडल्यावर माणसाचा चेहरा उतरतोच.

“म्हणजे हा शेरा तुम्हाला नको आहे?” त्यांनी विचारलं.

“नको आहे.”

“काढून टाकू? नीट विचार केलात?”

“निक्षून सांगतो. काढून टाका.”

बाईंनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी मान हलवली, आणि बाईंनी लिहिलं: ‘अर्जदाराचे म्हणणे ग्राह्य. शेरा वगळण्यात येत आहे.’ मी जिंकलो होतो. आयुष्यातलं पहिलं अपील, पहिल्या सुनावणीत, शंभर टक्के. बाई वही मिटून बाहेर गेल्या. मी निघणार तेवढ्यात साहेब हळूच म्हणाले, “मला वाईट वाटलं हो. दोन संध्याकाळी घालवून शोधला होता तो शब्द.”

“शिवी द्यायला दोन संध्याकाळी?” नियमाप्रमाणे मी विचारलं.

“शिवी?” साहेबांनी फाइल उघडून स्वतःच्या हातचा कच्चा कागद पुढे केला. “वाचा.”

मी वाचलं. शब्द जवळजवळ तोच होता. जवळजवळ. साहेबांनी लिहिलं होतं ‘डेप्रिकेटिंग’. टाइप झालं होतं ‘डेप्रिशिएटिंग’. साहेबांनी प्रत पाहिली आणि टायपिस्टला बोलावलं. ती भांडार विभागाची, वर्षअखेरीला महिनाभर ‘खुर्ची, डेप्रिशिएटेड, टेबल, डेप्रिशिएटेड’ एवढंच टाइप करत असते. ती म्हणाली, “साहेब, तुमच्याकडून एक अक्षर राहिलं होतं. मुख्यालयात बरं दिसलं नसतं म्हणून मी घातलं.”

ती गेल्यावर साहेब म्हणाले, “तक्रार कक्षात माणसं शिव्या घेऊन येतात. तिथं ‘मी कोण आहे ठाऊक आहे का’ म्हणणारा माणूस बसवला तर रोज मारामारी होईल. मला असा हवा होता की समोरचा ‘तुम्ही गाढव आहात’ म्हणाला तर ‘असेन हो, बसा, मीटरचा नंबर सांगा’ म्हणेल. स्वतःचा बडेजाव नाही. त्याला इंग्रजीत हा शब्द आहे. असा आमच्याकडे एकच माणूस होता.” त्यांनी कच्चा कागद परत फाइलीत ठेवला. “आज सकाळपर्यंत.”

खिडकी, पडदा, बारीक किनार, सगळं डोळ्यांपुढून गेलं. “साहेब,” मी हात जोडले, “मी खरोखरच गाढव आहे. माझी कसली आलीय कर्तबगारी? ते सगळं साडूंनी लिहिलंय. मला साधं फ्रीजखालचं पुस्तक काढता येत नाही. मी कुठल्याही कामाचा नाही.”

साहेबांचा चेहरा उजळला. “हेच! हेच मला हवं होतं! पण नोंद झाली आहे. आता तोंडी चालायचं नाही. हे सगळं लेखी द्या. तुम्हाला निदान दहा वर्षं ओळखणाऱ्या माणसाची साक्ष घ्या. उद्या अकराच्या आत. बाई दुपारच्या गाडीनं परत जाताहेत.”

घरी येऊन मी जेवणाच्या टेबलाशी बसलो. खोटं कशाला सांगू, हा अर्ज लिहिताना मला एकदाही अडखळायला झालं नाही. ‘एक, अर्जदारास कोणतेही काम पहिल्या खेपेस जमत नाही. दोन, अर्जदाराच्या बोलण्याकडे कोणी लक्ष देत नाही. तीन, एकोणीस वर्षांत एकही कागद हरवलेला नाही, यात अर्जदाराचे काही कौतुक नाही. कागद आपण होऊन कुठे जात नाहीत. चार, अर्जदारास घरी कोणी विचारत नाही...’ पाऊण तासात दहा मुद्दे झाले. बाराच्या बारा साडूंचे मुद्दे मला घशाखाली उतरले नव्हते, आणि हे दहा मात्र कसे पटापट आले! ते बघून मला खरंच रडू आलं.

साक्षीला ऑडिटर आनंदानं तयार होते. त्यांनी अकरावा आणि बारावा मुद्दाही सुचवला. पण त्यांची सहाच वर्षं झालेली. सरांची अकरा भरत होती; पण सर म्हणाले, पूर्वीच्या काळी जाणकार लोक या अर्थी टायपिस्टचाच शब्द बरोबर धरत, तुमच्या साहेबांचा नव्हे, तेव्हा तत्त्व म्हणून मी सही करणार नाही. साडूंना विचारण्यात अर्थ नव्हता. दहा वर्षांच्या वर मला ओळखणारं माणूस एकच उरलं. ते सहा वाजता कामावरून आलं, चपला काढल्या आणि टेबलावरचा कागद बघून म्हणालं, “हे काय?”

मी सगळं सांगितलं. ‘चर्चेत’ या शब्दापासून सांगितलं. सांगताना माझं लक्ष कपाटाकडे होतं. नववा रकाना तिनं एकदाच वाचला आणि कपाळाला हात लावला.

“एक आय जास्त पडलाय.”

“तुला ठाऊक आहे हा शब्द?”

“मागच्या वर्षी आमच्याकडे शब्दकोश छापला नाही का? ‘डी’ माझ्याकडे होतं. अहो, त्या दुसऱ्याचा किमतीशी काही संबंध नाही. ‘प्रेकारी’ म्हणजे प्रार्थना करणं, विनवणं. ‘डे’ म्हणजे दूर. संकट दूर राहावं म्हणून हात जोडणं. मग पुढे नुसतं नको-नको म्हणणं. कुणी कौतुक केलं की दोन्ही हात हलवत ‘छे छे, मी कुठला’ म्हणतो, तो हा माणूस. त्यात एक आय घुसला की झाली किंमत कमी. आय म्हणजे मी. तो ‘मी’ मध्ये आला आणि सगळं बिघडलं.” मग ती एकदम चिडली. “आठवडाभर सगळ्या इमारतीला विचारत फिरलात! घरात प्रूफं वाचणारं माणूस आहे ते दिसलं नाही? मंगळवारी शब्दकोश दुधात भिजून माळ्यावर वाळत होता, ‘डी’चं पान उघडं. मी म्हटलं, सांगतील तेव्हा सांगतील.”

“मला लाज वाटली,” मी म्हणालो. “तू पडदा शिवला होतास.”

मी अर्ज पुढे सरकवला. “खाली साक्षीदार म्हणून सही कर. हे दिलं की जागा मिळेल.”

तिनं पर्समधून लाल पेन काढलं आणि वाचायला घेतलं. पहिल्या मुद्द्यालाच पेन थांबलं.

“कोणतंही काम पहिल्या खेपेला जमत नाही? माझ्या आईला दवाखान्यातून आणलं, लिफ्ट बंद होती, चार जिने तिला पाठीवर घेऊन कोण चढलं? किती खेपांत?” तिनं मुद्द्यावर काट मारली आणि समासात प्रुफातली ‘गाळा’ची खूण केली. “बोलण्याकडे कोणी लक्ष देत नाही. मीठ जास्त झालंय म्हणालात, तेव्हापासून मी चिमटीनं मोजून घालते आहे. गाळा. कागद आपण होऊन कुठे जात नाहीत? आमच्या छापखान्यात येऊन बघा, रोज जातात. गाळा. घरी कोणी विचारत नाही.” इथं रेघ मारून तिनं समासात दोनच शब्द लिहिले. “कोण म्हणतं?”

“अगं, पण हे असं खोडलंस तर जागा...”

“जागा गेली खड्ड्यात. पडद्याचं मी टेबलपोस करीन. पण असल्या कागदाखाली मी सही करणार नाही. जे चूक आहे ते मी जाऊ देत नाही, मग ते नवऱ्याबद्दल का असेना.” नववा मुद्दा वाचून मात्र तिनं पेन वर उचललं. “हा राहू दे. हा खरा आहे.”

शेवटी कागदावर लाल रेघांच्या जंगलात एकच वाक्य शिल्लक राहिलं: ‘अर्जदारास बाजारातून सांगितलेली वस्तू नेमकी आणता येत नाही.’ त्याखाली ‘आपला नम्र’, माझी सही, आणि ‘तपासले’ म्हणून तिची.

रात्री मला झोप लागली नाही हे सांगायला नको. नवा अर्ज लिहून खोटी सही ठोकावी, असाही विचार आला. धीर झाला नाही. मंगळवारी पावणेअकराला मी तोच कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि डोळे मिटून उभा राहिलो.

साहेबांनी एकेक खोडलेलं वाक्य वाचलं. समासातलं ‘कोण म्हणतं?’ त्यांनी दोनदा वाचलं. मग विचारलं, “तपासलंय कुणी?”

“बायकोनं, साहेब.”

त्यांनी कागद बाजूला ठेवला. मग माझा अहवाल ओढून नवव्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हातानं, टायपिस्टच्या वाटेला न जाता, सरळ मराठीत लिहिलं: ‘यांना स्वतःची किंमत ठाऊक नाही. घरी ठाऊक आहे. तक्रार कक्षास योग्य.’ आणि कागद माझ्याकडे फिरवून म्हणाले, “मान्य की अमान्य? सात दिवस आहेत.”

मी तिथल्या तिथं सही केली. घाई इतकी होती की सही कुणा तिसऱ्याच माणसाची वाटते, पण ती माझी आहे.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा बायको पडद्याला इस्त्री करत होती. टेबलपोस करण्याआधी घड्या मोडाव्या म्हणून, असं तिचं म्हणणं होतं. मी तिला शेरा तोंडपाठ म्हणून दाखवला, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. ती लाजली. बावीस वर्षांत मी तिला इतकं लाजलेलं पाहिलं नव्हतं. इस्त्री उभी करून तिनं दोन्ही हात हलवले.

“छे छे, मला कुठलं काय ठाऊक? मी आपलं नुसतं शुद्धलेखन तपासलं.”

मग मी तिला तो इंग्रजी शब्द म्हटला. सावकाश, एक आय वगळून.